ठोक्याची रेघ

...तर पातेलं पडलं आणि ठोक्यानं मान वळवली नाही, इथवर काल आलो होतो.

पातेलं काही लहानसहान नव्हतं. पितळेचं, जाड काठाचं, दहा माणसांचं. आणि ते हातातून निसटलं नव्हतं, ठोक्याच्या बायकोनं मुद्दाम पाडलं होतं, हे काल सांगायचं राहूनच गेलं. महिनाभर तिच्या मनात पाल चुकचुकत होती. किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडायची आणि हा हातभर अंतरावर बसून करवतीला धार लावत असायचा. म्हणून त्या सकाळी ती त्याच्या पाठीशी जाऊन उभी राहिली, पातेलं छातीइतकं उचललं आणि दिलं सोडून फरशीवर. शेजारच्या पाववाल्याचं कुत्रं भुंकायला लागलं. पाववाला पीठभरल्या हातांनी खिडकीशी आला आणि "वहिनी, भांडण चाललंय का काय?" म्हणून विचारून गेला. ठोक्या हातोडीच्या दांड्याला तेल चोळत होता, तो चोळतच राहिला.

बायकोनं पातेलं उचललं, समोर आली आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"कधीपासून?"

ठोक्यानं पातेल्यावरून बोट फिरवलं. "पोचा आलाय."

"मी पोच्याचं विचारत नाही."

"कळलं मला. माणसाचं बोलणं ऐकू येतं. समोर असलं की येतं."

"आणि लाकडाचं?"

ठोक्या पुन्हा दांड्याला तेल चोळायला लागला.

आता दुसऱ्या कुणाचे कान गेले असते तर एवढं काय होतं? पाववाल्याचे गेले असते तरी पाव फुगायचे थांबले नसते. पण ठोक्याचं पोट कानावर होतं. त्या वस्तीतली चाळीसएक घरं, सगळी ओंडक्यांची. आडवे ओंडके एकावर एक रचून, कोपऱ्यात खाचा करून एकमेकांत बसवलेले. अशा घराला म्हाताऱ्या आईसारखं जपावं लागतं. पागोळ्यांचं पाणी भिंतीवर उडू द्यायचं नाही, उन्हाळ्यात जवसाचं तेल पाजायचं, वरच्या अंगानं गेलेली चीर बुजवायची आणि खालच्या अंगाची उघडी ठेवायची, म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर निघतं. आणि सगळ्यात जास्त सांभाळायचा तो जोत्यावरचा पहिला ओंडका. त्याला तिथं थोरला म्हणतात. सगळं घर त्याच्या पाठीवर उभं असतं आणि जमिनीची ओल पहिली त्यालाच लागते. घरातल्या थोरल्याचं असतं तसंच, म्हणा ना. तो बाहेरून धडधाकट दिसतो. आतून कधी संपला, ते पडेपर्यंत कुणाला कळत नाही.

ते कळायचं ठोक्याला. वर्षातून एकदा, बर्फ वितळून भिंती वाळल्या की तो घरोघर जायचा. हातात कठीण लाकडाची हातोडी, खिशात खडू. ओंडक्याला तीन ठोके द्यायचा आणि वीतभर अंतरावर कान टेकायचा. लाकूड निरोगी असलं की खणखणीत बोलतं, कुजलं असलं की बद्द वाजतं. सगळी भिंत ठोकून झाली की दाराच्या चौकटीवर खडूनं एक आडवी रेघ. ठोक्याची रेघ पडली की त्या घरानं पुढल्या वर्षापर्यंत निवांत झोपायचं. रेघ ओढल्यावर भिंतीत टोच्या, म्हणजे मुठीचा टोकदार खिळा, घालून बघणं म्हणजे ठोक्याच्या तोंडावर त्याला खोटं म्हणणं. असं तिथं आजवर कुणी केलं नव्हतं.

कान काय होता हो त्या माणसाचा! कुणी त्याच्या घरी येऊन दार वाजवलं की "कोण आहे?" विचारायच्या आधी "चौकट सुकलीय, तेल द्यायला पाहिजे," असं स्वतःशी म्हणायचा. सोयरीक ठरवायला गेला तेव्हाची तर वेगळीच गंमत. वडीलमंडळी देण्याघेण्याचं बोलतायत आणि हा पाठीमागच्या भिंतीवर बोटांनी टकटक करतोय. मध्येच म्हणाला, "मामा, तुमचा थोरला गेलाय." होणाऱ्या सासऱ्याला वाटलं, आपल्या थोरल्या मुलालाच काही झालं. तो छातीला हात लावून उठला. मग कळलं ओंडक्याचं, तेव्हा भडकला तो भडकलाच, "मुलगी बघायला आलायस का भिंत?" पण मंडळी गेल्यावर त्यानं हळूच टोच्या घालून पाहिला, तर टोच्या मुठीपर्यंत आत. दुसऱ्या दिवशी होकार पाठवला. असा होता ठोक्या.

तर पातेलं पडलं तेव्हा त्याचे कान जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. सगळे एकदम गेले असते तर बरं झालं असतं, निदान लपवता आलं नसतं. पण गेले ते वरचे आवाज. शिट्टी गेली, पाखरं गेली, बायकापोरांचं बोलणं गेलं. पुरुषांचं जाड बोलणं राहिलं. त्यामुळं वस्तीत कुणाला पत्ता नाही. आणि लाकडाचं काय झालं, तर खणखणीत तेवढं गेलं, बद्द राहिलं. त्याला पहिल्यांदा वाटलं, यंदा ओल जास्त झालीय, सगळीकडं लाकूड बद्द वाजतंय.

त्याच वर्षी वखारवाल्याच्या घराचा थोरला त्यानं बाद ठरवला. घराला जॅक लावला, पाचरी मारल्या, दोन दिवस खपून पाच हात ओंडका कापून बाहेर काढला. बघतात तर आत पिवळाधमक गाभा, कापल्या तोंडावर डिंकाचे थेंब आणि अंगणभर वास. वखारवाला हसून हसून लोळायचा बाकी राहिला.

"ठोक्या, हे तर लोखंड निघालं की रे! म्हातारा झालास काय?"

सगळे हसले. ठोक्याही हसला. घरी येऊन जेवला नाही. आयुष्यभर लोकांच्या घरातलं कुजकं शोधणाऱ्या माणसाला त्या दिवशी स्वतःचं सापडलं, आणि ते दोन कानांच्या आत होतं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ठोक्याचं उलटं झालं. बाद ठरवून पुन्हा हसं व्हायचं नाही, एवढीच भीती त्याच्या मनात बसली. मग तो ठोके द्यायचा, कान टेकायचा, डोळे मिटायचा आणि काहीच ऐकू न येता "चांगलाय" म्हणायचा. अगदीच डोळे मिटून नाही. त्यानं एक नवी विद्या शोधून काढली. ठोका देताना तो घरवाल्याचं तोंड बघायला लागला. माणसाला आपल्या घराची दुखरी जागा मनातून ठाऊक असते. हातोडी तिथं आली की नजर चुकते, ओठ आवळले जातात. पाववाल्याच्या घरी असंच झालं. खिडकीखाली ठोका पडला आणि पाववाला उगाच भट्टीकडं बघायला लागला. ठोक्यानं तिथं टोच्या घातला, तर कुजलेलंच निघालं. वस्तीभर वाहवा झाली. ठोक्याला वाटलं, कान गेले तर गेले, विद्या राहिली.

हे सगळं त्यानं त्या सकाळी बायकोला सांगितलं. ती पातेल्यातला पोचा आतून दाबत ऐकत होती.

"म्हणजे तुम्ही लोकांच्या भिंती त्यांच्याच तोंडावरून वाचता?"

"जमतंय की."

"आणि एखाद्याला आपल्या घरातली कीड ठाऊकच नसली तर? त्याचं तोंड काय सांगणार?"

"असं होत नाही."

"होईल तेव्हा?"

"अगं, मी बंद केलं तर माझ्यामागं आहे कोण ठोकायला? आणि दुसरं काय येतं मला?"

यावर ती उठून पातेलं मांडणीवर ठेवायला गेली, आणि तिथं ती चुकली. तिनंही मग साथ द्यायला सुरुवात केली. फेरीला बरोबर जायला लागली. कुणी मागून हाक मारली की कोपरानं ढोसायची. बायका हळू आवाजात काही म्हणाल्या की ही मोठ्यानं पुन्हा म्हणायची, "ऐकलंत का, त्या म्हणतायत, छप्पर गळतंय." लोक म्हणायचे, म्हातारपणी काय प्रेम उतू चाललंय! अशी तीन वर्षं आणखी गेली. आधीचं धरून चार.

आता मुलीकडं येऊ. ठोक्याची एकुलती मुलगी त्याच वस्तीत, चढाच्या वरच्या अंगाला दिलेली. जावई बसचा ड्रायव्हर. चार दिवस बाहेर, दोन दिवस घरी. घरात विहीणबाई. विहीणबाई म्हणजे आनंदाचं झाड. सत्तरीची बाई, पण हसली की रस्त्यावरून जाणारा वळून बघायचा. तिनं आपल्या सोयीसाठी सरपणाची लाकडं उत्तरेच्या भिंतीला लागून रचली होती, थेट छपराच्या वळचणीपर्यंत. दार उघडलं की हात घातला आणि लाकूड काढलं. कान शाबूत असतानाचा ठोक्या असता तर विहीणबाईंशी भांडून त्यानं तो ढीग हलवायला लावला असता. भिंतीला लागून सरपण रचणं म्हणजे भिंतीच्या नाकावर उशी दाबणं. पण आता कुणाच्या घरी फार वेळ थांबायची त्याला भीती वाटायची. ढिगाच्या अलीकडं ठोकलं, पलीकडं ठोकलं, विहीणबाईंच्या तोंडाकडं पाहिलं. ते तोंड हसत होतं.

"काय म्हणतंय आमचं घर, व्याहीबुवा? माझ्यासारखं ठणठणीत आहे ना?"

"तुमच्याहून ठणठणीत, विहीणबाई."

चार वर्षं हाच विनोद झाला आणि चार वर्षं दारावर रेघ पडली.

चौथ्या वर्षी मात्र जावई घरी होता. ढिगाच्या टोकाशी, कोपऱ्याजवळ, त्याला लाकूड जरा काळसर दिसलं. हातात टोच्या घेऊन तो अदबीनं म्हणाला, "मामा, इथं जरा घालून बघू का?"

ठोक्यानं जावयाच्या तोंडाकडं पाहिलं. तिथं शंका होती, ती त्याला स्वच्छ दिसली. पण शंका ओंडक्याची आहे की आपली, हे ओळखायला मन ठिकाणावर लागतं. त्याचं मन चोरासारखं बिचकलेलं. त्याला वाटलं, याला कळलं.

"माझ्या रेघेनंतर भोक पाडायचं, जावईबापू?"

मुलगी दारात उभी होती. तिनं नवऱ्याला डोळ्यांनी दटावलं. जावयानं टोच्या खिशात घातला. "तसं नाही मामा. सहज म्हटलं." विहीणबाई म्हणाल्या, "अरे, ज्यांच्या रेघेवर सगळी वस्ती झोपते त्यांना तू शिकवतोस? चला, चहा घ्या." आणि सगळ्यांनी चहा घेतला.

त्या हिवाळ्यात बर्फ उशिरा आला पण एकदम आला. सहा दिवस छपरावर साचला. सातव्या सकाळी, आठच्या सुमाराला, विहीणबाई सरपण काढायला दाराबाहेर गेल्या. खालचं एक लाकूड अडकलं होतं, ते त्यांनी जोर लावून ओढलं. त्या लाकडानं काही झालं असं नाही; छपरावरच्या ओझ्यानं व्हायचंच होतं ते. पण थोरला खचला तो त्याच क्षणी. उत्तरेचा कोपरा गुडघा मोडल्यासारखा खाली बसला, वरचे चार ओंडके खाचांतून सुटले आणि वळचण, बर्फ, सरपण सगळं एकावर एक आलं. आवाज खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेला. ठोक्यालाही गेला, कारण तो आवाज जाड होता.

विहीणबाईंना बाहेर काढायला दुपार झाली. काढून उपयोग नव्हता.

सगळे तिच्याभोवती असताना ठोक्या कोपऱ्याकडं गेला. थोरल्याचं मोडकं तोंड समोर होतं. त्यानं बोट घातलं तर बोट आत गेलं. चहात भिजलेल्या बिस्किटासारखा गाभा, तपकिरी, चौकोनी तुकडे पडणारा. एवढं कुजायला तीन-चार वर्षं तरी लागतात, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानं मूठभर भुगा खिशात घातला. घरी आल्यावर तो वाटीत काढून फळीवर ठेवला. बायकोनं वाटी पाहिली. ती त्या फळीवर पुन्हा दुसरं काही ठेवेना.

आणि लोक काय म्हणायला लागले? ठोक्याबद्दल चकार शब्द नाही. दारावर रेघ होती ना! पडलेल्या घराची चौकट उभीच राहिली होती आणि तिच्यावर पांढरी रेघ सगळ्यांना दिसत होती. मग दोष जाणार कुठं? पाण्यासारखा उतारावर गेला. जावयानं उन्हाळ्यात भिंतीला तेलाचा एकच हात दिला होता, दुसरा राहून गेला होता. बसच्या फेऱ्या वाढल्या होत्या. हे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, म्हणून लोकांना कळलं. वखारवाला पाववाल्याच्या दुकानात म्हणाला, "जगाला वेळेवर पोचवतो, आणि आईला?" बोलून गेला खरा, पण ते चढावरपर्यंत पोचलं. जावई बसवर जायचा बंद झाला. आठ-आठ तास त्या ढिगासमोर बसून राहायचा. मुलगी आईकडं येऊन रडली. "रात्रंदिवस एकच म्हणतात, दुसरा हात दिला असता तर. दुसरा हात दिला असता तर. मला भीती वाटते गं. परवा त्यांनी टोच्या हातात घेतला आणि स्वतःच्या तळहाताकडं बघत बसले."

ठोक्या समोरच बसला होता. मुलीचा आवाज त्याला ऐकू येत नव्हता. ओठ दिसत होते. तेवढे पुरले.

ती गेल्यावर बायको म्हणाली, "बोला आता."

"वस्ती काय म्हणेल?"

"काय म्हणायचं ते म्हणू दे. मी पण ढोसून ढोसून साथ दिलीय तुम्हाला, मलाही म्हणू दे. पण तो पोरगा तुमच्या पापाखाली चेंगरतोय."

"आणि मग मी कोण उरतो?"

ती फळीकडं बघत राहिली. "ते मला नाही सांगता येणार," ती म्हणाली.

बर्फ उतरल्यावर वस्तीनं ठरवलं, जावयाचं घर उभं करून द्यायचं. एका रविवारी दुपारी सगळे चढावर जमले. पडलेले ओंडके अंगणात मांडून ठेवले होते, अठरा होते. त्यांतले कुठले परत वापरायचे, हे सांगायला अर्थातच ठोक्या. वखारवाल्यानं मोठ्यानं "गप्प बसा रे, त्यांना ऐकू द्या!" म्हणून दटावलं. पाववाल्यानं कुत्र्याचं तोंड हातात धरलं. चाळीस-पन्नास माणसं श्वास धरून उभी.

ठोक्यानं पहिल्या ओंडक्याला तीन ठोके दिले. कान टेकला नाही. मान वर करून तो लोकांकडं बघत राहिला. सगळ्यांची तोंडं सैल झाली, म्हणजे ओंडका खणखणीत बोलला असणार. दुसरा ठोकला. वखारवाल्याच्या कपाळाला आठी पडली. तिसरा. चौथा. पाचव्याला सगळ्यांनी एकदम खाली पाहिलं, आणि ठोक्याचा हात थांबला.

जावई पुढं आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. तो अगदी समोर उभा राहिला, आणि त्याचा आवाज जाड होता, त्यामुळं ठोक्याला शब्द न् शब्द ऐकू आला.

"मामा, हे राहू दे. आधी सगळ्यांसमोर एक सांगा, म्हणजे माझं मन एकदाचं मोकळं होईल. दुसरा हात दिला असता तर थोरला वाचला असता ना?"

बायकोनं कोपरानं ढोसलं नाही. ती दोन पावलं मागं सरली. ठोक्यानं हातोडी ओंडक्यावर ठेवली, खिशातून खडू काढून जावयाच्या हातात दिला आणि म्हणाला,

"नाही, जावईबापू. शंभर हात दिले असते तरी तो गेला असता, कारण चार वर्षं तो आतून जात होता आणि चारही वर्षं मी त्याला चांगला म्हणत होतो. मला ऐकू येत नाही. आता हे ओंडके वाजले, ते तुम्ही ऐकलेत; मी नुसती तुमची तोंडं बघत होतो, तसंच दर वर्षी तुमच्या आईचं बघायचो, आणि ते हसत होतं. टोच्या घ्या आणि उद्या घरोघर जा. जिथं जिथं माझी रेघ दिसेल, तिथं आधी भोक पाडा."